आधी दृष्टिकोन, मग व्यक्तिमत्त्व : अकरावी-बारावीच्या वर्गात हे दोन धडे कसे शिकवावेत

कला शाखेत मानसशास्त्र हा ऐच्छिक विषय निवडणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या मनात एकच कुतूहल असते, ते म्हणजे माणूस ओळखायचा कसा. दापोली तालुक्याच्या किनारपट्टीवर शिकवताना दरवर्षी पहिल्याच तासाला 'मॅडम, चेहऱ्यावरून स्वभाव कळतो का?' असे कोणी ना कोणी विचारतेच. या कुतूहलाला कमी लेखू नये, कारण विषयात पाऊल टाकायला लावणारी ओढ तीच असते. मात्र व्यक्तिमत्त्वाचा पाठ थेट प्रकारांपासून आणि व्याख्यांपासून सुरू केला, तर आठवड्याभरात मुले एकमेकांवर शिक्के मारू लागतात.

हे मी स्वतः घडू दिले आहे. अध्यापनाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी वर्गाकडून एक प्रश्नावली भरून घेतली, गुणांची बेरीज केली आणि समजावून सांगण्याच्या उत्साहात 'अंतर्मुख' व 'बहिर्मुख' अशा दोन याद्या नावांनिशी फळ्यावर लिहिल्या. पहिल्या यादीतल्या एका मुलीने पुढच्याच आठवड्यात वक्तृत्व स्पर्धेतून आपले नाव काढून घेतले. कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, 'मी अंतर्मुख आहे ना.' ज्या शब्दाने तिच्या वागण्याचे फक्त वर्णन व्हायला हवे होते, तो शब्द मी तिच्यासाठी कुंपण करून ठेवला होता. त्या वर्षापासून मी क्रम उलटा केला. आता 'हा माणूस कसा आहे' या प्रश्नाच्या आधी 'हे कोण सांगत आहे, आणि कुठे उभे राहून सांगत आहे' हा प्रश्न विचारण्याची सवय लावते आणि त्यानंतरच व्यक्तिमत्त्वाचे सिद्धांत उघडते. पुढे दिलेली आखणी साधारण दहा तासिकांची असून शेवटचा प्रकल्प गणपतीच्या सुटीवर बेतलेला आहे.

पहिली तासिका : सुवर्णदुर्ग तीन ठिकाणांहून

सुरुवात डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीपासून करावी. आमच्या भागात त्यासाठी सुवर्णदुर्गाइतके चांगले साधन नाही. काही विद्यार्थी हर्णै बंदरातून तो रोज पाहतात, काही जण आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीपासून पाहतात आणि मासेमारी करणाऱ्या घरांतल्या मुलांनी तो होडीतून, समुद्राच्या बाजूनेही पाहिलेला असतो. प्रत्येकाला कोऱ्या कागदावर आठवणीने किल्ल्याची बाह्यरेषा काढायला सांगावी आणि कागदाच्या मागे आपण कुठून पाहतो ते लिहायला सांगावे. नंतर कागद भिंतीवर ओळीने लावून 'यांतले कोणते चित्र चुकीचे आहे?' असे विचारावे. थोड्याच वेळात वर्गाच्या लक्षात येते की प्रश्नच नीट नाही. आपल्या गावाजवळ किल्ला नसेल, तर दीपगृह, खाडीवरचा पूल किंवा देवळामागचा डोंगरही चालतो. अट एवढीच की ती वस्तू विद्यार्थ्यांनी निरनिराळ्या बाजूंनी खरोखर पाहिलेली असावी.

या अनुभवावर बालमानसशास्त्रज्ञ पियाजेचा तीन डोंगरांचा प्रयोग सांगावा. ज्याँ पियाजे आणि बार्बेल इन्हेल्डर यांनी मुलांसमोर तीन डोंगरांची प्रतिकृती ठेवली, समोरच्या बाजूला एक बाहुली बसवली आणि बाहुलीला काय दिसत असेल ते चित्रांतून निवडायला सांगितले. चार वर्षांच्या आसपासची मुले स्वतःला दिसणारे चित्रच उचलत, आणि सात-आठ वर्षांच्या सुमारास दुसऱ्या जागेवरून दिसणारे दृश्य ओळखता येऊ लागे. पियाजेने पहिल्या अवस्थेला आत्मकेंद्रितता म्हटले. या शब्दाचा अर्थ स्वार्थ असा नाही, हे येथे आवर्जून सांगावे, कारण उत्तरपत्रिकांत ही गल्लत नेहमी आढळते. तासिका संपवताना एक प्रश्न मोकळा सोडावा : डोंगराच्या बाबतीत आपण आठव्या वर्षी जे शिकलो, ते भांडणाच्या बाबतीत सोळाव्या वर्षी तरी जमते का?

सामना एक, मोजणी दोन

त्या प्रश्नाचे उत्तर शोधायला वाडी-वाडीतला क्रिकेटचा सामना फार उपयोगी पडतो. वादग्रस्त ठरलेल्या एखाद्या सामन्याचे मोबाइलवरचे चित्रण मिळाले, तर दोन्ही वाड्यांच्या विद्यार्थ्यांना ते वेगवेगळे दाखवून प्रत्येक संघाने किती वेळा नियम मोडला, हे गुपचूप मोजायला सांगावे. दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले की व्याख्यानाची फारशी गरज उरत नाही.

आल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल यांनी 1954 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास याच धर्तीचा आहे. 1951 मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ या अमेरिकन विद्यापीठांच्या संघांत अमेरिकन फुटबॉलचा एक धसमुसळा सामना झाला होता, आणि त्याचे एकच चित्रण दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवण्यात आले. प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना डार्टमथच्या संघाचे सरासरी 9.8 नियमभंग दिसले, तर डार्टमथच्या विद्यार्थ्यांना आपल्याच संघाचे 4.3 दिसले. कोणी मुद्दाम खोटे सांगत होते असे मानण्याचे कारण नाही. माणूस घटना आधी जशीच्या तशी पाहतो आणि मत मागाहून बनवतो, ही आपली समजूत येथे डळमळते.

किनाऱ्यावरच्या वर्गात यापुढे पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीन (माशांच्या थव्याला वेढणारे मोठे जाळे) नौकाधारक यांच्यातला वाद आपोआप निघतो. महाराष्ट्रात 2016 मध्ये पर्ससीन मासेमारीवर निर्बंध आले, आणि या प्रश्नावर दोन्ही बाजूंची घरे एकाच बाकावर बसलेली असू शकतात. हा विषय टाळू नये असे माझे मत आहे. तरीही तो पहिल्या आठवड्यात घेऊ नये, आणि घेतला तर प्रत्येकाने आधी समोरच्या बाजूचे म्हणणे असे मांडावे की त्या बाजूच्या माणसाने 'होय, आम्ही हेच म्हणतो' अशी संमती द्यावी. संमती मिळाल्याशिवाय स्वतःचे मत बोलायचे नाही. या एका नियमाने आवाज बराच खाली येतो.

उशीर कोणामुळे झाला?

यानंतरच्या दोन तासिका मला सर्वांत महत्त्वाच्या वाटतात, कारण दृष्टिकोन आणि व्यक्तिमत्त्व हे दोन धडे येथे एकमेकांना मिळतात. विषय आहे कारणारोपण, म्हणजे एखाद्या वागण्याचे कारण आपण कशाला लावतो हा. आमच्या महाविद्यालयात येणारी अनेक मुले लांबच्या वाड्यांवरून एसटीने येतात आणि पावसाळ्यात एखादी फेरी रद्द झाली की पहिला तास बुडतो. उशिरा आलेला विद्यार्थी 'गाडी आली नाही' असे सांगतो. वर्गात आधीपासून बसलेल्यांच्या मनात मात्र 'हा नेहमीचाच आळशी' असे येऊन जाते, आणि शिक्षकही यातून सुटलेले नाहीत.

विद्यार्थ्यांना आठवडाभर एक लहान वही ठेवायला सांगावी. डाव्या पानावर स्वतःच्या हातून घडलेल्या चुकीच्या किंवा कौतुकाच्या गोष्टी आणि त्यांची कारणे लिहावीत, उजव्या पानावर इतरांच्या. आठवड्याच्या शेवटी प्रत्येक कारणापुढे 'स्वभाव' किंवा 'परिस्थिती' अशी खूण करून मोजणी करावी. ली रॉस याने 1977 मध्ये ज्याला मूलभूत कारणारोपण दोष म्हटले, तो आपल्याच अक्षरात समोर येतो : दुसऱ्याच्या वर्तनाचे कारण शोधताना परिस्थितीचा वाटा कमी धरायचा आणि स्वभावाचा जास्त.

हाच दोष वर्गात प्रत्यक्ष दाखवण्याची एक खात्रीची रीत आहे. एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस यांनी 1967 मध्ये काही विद्यार्थ्यांना क्युबाचा नेता फिडेल कॅस्ट्रो याच्या बाजूने किंवा विरुद्ध लिहिलेले निबंध वाचायला दिले. बाजू लेखकाला नेमून दिलेली होती हे स्पष्ट सांगूनही वाचणाऱ्यांनी निबंधातले मत काही प्रमाणात लेखकाचे खरे मत मानले. आपण कॅस्ट्रोऐवजी 'आपल्या किनाऱ्यावर मोठी हॉटेले यावीत का' हा विषय घ्यावा. दोघांना सर्वांसमोर चिठ्ठी काढायला लावून बाजू नेमून द्यावी, तीन-तीन मिनिटे बोलू द्यावे आणि मग प्रत्येक वक्त्याचे खरे मत काय असेल याचा अंदाज बाकीच्यांना एक ते दहा या श्रेणीत लिहायला सांगावा. चिठ्ठी आपल्या डोळ्यांसमोर काढली गेली हे ठाऊक असूनही बहुतेकांचा अंदाज वक्त्याच्या बाजूला झुकतो. शेवटी वक्त्यांनी आपले खरे मत सांगावे.

या टप्प्यावर पाठ्यपुस्तकाच्या पलीकडच्या दोन गोष्टी सांगाव्यात. पहिली भारतातली आहे. जोन मिलर यांनी 1984 मध्ये अमेरिका आणि म्हैसूर येथील मुलांकडून व प्रौढांकडून ओळखीच्या माणसांच्या वागण्याची कारणे विचारून घेतली. लहान वयात दोन्हीकडच्या स्पष्टीकरणांत फारसा फरक नव्हता. वय वाढत गेले तसे अमेरिकन लोक स्वभावाकडे अधिक बोट दाखवू लागले आणि भारतीय लोक नाती, भूमिका व प्रसंग यांकडे. म्हणजे ज्याला आपण मानवी मनाचा दोष म्हणतो, त्यातला काही भाग आपण मोठ्यांकडून शिकलेला असतो. दुसरी गोष्ट अशी की 'स्वतःसाठी परिस्थिती, दुसऱ्यासाठी स्वभाव' हा नियम पुस्तकांत जितका ठाम लिहिलेला असतो तितका तो ठाम नाही. बर्ट्रम मॅली यांनी 2006 मध्ये 173 अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा हा फरक सरासरीने अगदीच थोडा निघाला. तो मुख्यतः वाईट घटनांच्या बाबतीत दिसला, आणि चांगल्या घटनांच्या बाबतीत उलट झाला. विद्यार्थ्यांच्या वह्यांत कौतुकाच्या गोष्टी लिहायला लावायचे कारण हेच आहे. त्यांनी स्वतः केलेली मोजणी पुस्तकातल्या वाक्याशी जुळली नाही, तर ती पुसायला सांगू नये. त्या तफावतीवरच चर्चा घ्यावी. मानसशास्त्राला विज्ञान का म्हणायचे, याची इतकी चांगली संधी पुन्हा मिळत नाही.

मानसशास्त्रातले दृष्टिकोन

'दृष्टिकोन' या शब्दाचा अभ्यासक्रमातला दुसरा अर्थ, म्हणजे मनोविश्लेषण, वर्तनवाद, मानवतावाद, बोधनिक व जैविक विचारधारा, येथे एका तासिकेत उरकता येतो. पाच व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा एकच उदाहरण पाच बाजूंनी पाहावे. दहावीपर्यंत वाडीजवळच्या शाळेत हिरीरीने उत्तरे देणारी मुलगी तालुक्याच्या महाविद्यालयात आल्यावर गप्प का होते? मनोविश्लेषणाच्या, म्हणजे फ्रॉइडच्या, वाटेने जाणारा तिच्या लहानपणातील दडपलेल्या भीतीचा शोध घेईल. वर्तनवादी तिच्या उच्चारांना पहिल्या दिवशी कोणी हसले का, म्हणजे बोलण्याला शिक्षा मिळाली का, हे पाहील. कार्ल रॉजर्सच्या मानवतावादी परंपरेतला तिला विनाअट स्वीकारणारे कोणी भेटले का, असे विचारेल. बोधनिक विचारधारेचा अभ्यासक ती मनात स्वतःशी काय बोलते ते विचारेल, तर जैविक बाजूचा अभ्यासक झोप, आहार आणि उपजत संवेदनशीलता यांची चौकशी करेल. हत्ती आणि आंधळे यांचा अंधगजन्याय विद्यार्थ्यांना माहीत असतोच, म्हणून तो येथे आठवतो. मात्र एक फरक दाखवून द्यावा. त्या गोष्टीतले आंधळे एकमेकांचे म्हणणे तपासत नाहीत, आणि शास्त्रात मात्र काही स्पष्टीकरणे तपासणीत टिकतात, काही टिकत नाहीत. सर्व दृष्टिकोन सारखेच बरोबर, असा सोयीचा निष्कर्ष मुलांनी काढू नये.

आजीच्या तोंडचे शब्द

आता व्यक्तिमत्त्वाकडे वळावे. प्रत्येक विद्यार्थ्याने घरातल्या सर्वांत वयस्क व्यक्तीकडून माणसाच्या स्वभावाचे वर्णन करणारे किमान दहा शब्द आणावेत, आणि ते घरात बोलले जातात तसेच आणावेत. भिडस्त, फटकळ, धोरणी, लाघवी, तुसडा, सोशिक, वेंधळा, आतल्या गाठीचा, चोखंदळ, खाष्ट, घुमा, मनमोकळा असे शब्द चिठ्ठ्यांवर येऊ लागले की तीस जणांच्या वर्गात तीनशे चिठ्ठ्या सहज जमतात. बोलीतला शब्द दुसऱ्या गावच्या मुलांना कळला नाही, तर आणणाऱ्याने तो प्रसंग सांगून समजवावा.

येथे गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांचे 1936 चे काम सांगितले की मुलांना आपण काय करीत आहोत ते कळते. माणसामाणसांतला जो फरक महत्त्वाचा असतो त्याला भाषेत शब्द मिळतो, या कल्पनेने त्या दोघांनी इंग्रजी शब्दकोश पालथा घातला आणि 17,953 शब्द वेगळे काढले. त्यांतले स्थिर गुणविशेष सांगणारे शब्द साधारण साडेचार हजार होते. रेमंड कॅटेलने पुढे घटक-विश्लेषण या संख्याशास्त्रीय पद्धतीने ही गर्दी सोळा घटकांवर आणली, हान्स आयसेंकने मोजक्याच मोठ्या परिमाणांवर भर दिला, आणि नंतरच्या अनेक अभ्यासांतून पाच घटकांची मांडणी पुढे आली : अनुभवांविषयी खुलेपणा, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, सौजन्यशीलता आणि भावनिक अस्थिरता.

हे पाच घटक आधी सांगू नयेत. चार-पाच जणांच्या गटांना चिठ्ठ्यांचे ढीग लावू द्यावेत, ढिगांची संख्या त्यांनाच ठरवू द्यावी आणि प्रत्येक ढिगाला नाव देऊ द्यावे. एखाद्या गटाचे चार ढीग होतात, एखाद्याचे नऊ. मगच पाच घटकांची यादी समोर ठेवावी आणि कोणते मराठी शब्द कोठेच बसत नाहीत ते विचारावे. 'भिडस्त' या शब्दावर तर अर्धा तास जाऊ शकतो, आणि तो जाऊ द्यावा. भिडस्त माणूस लाजाळू असतो, की समोरच्याचे मन मोडवत नाही म्हणून नकार देऊ शकत नाही? पहिला अर्थ धरला तर तो बहिर्मुखतेच्या दुसऱ्या टोकाला बसतो, आणि दुसरा धरला तर सौजन्यशीलतेजवळ. शिवाय 'भीड' समोर कोण आहे त्यावर अवलंबून असते, म्हणजे या शब्दात परिस्थिती आधीच मुरलेली आहे. असा शब्द हाती असताना केवळ भाषांतरित संज्ञांवर थांबणे हे विद्यार्थ्यांचे नुकसान आहे.

त्याच चिठ्ठ्यांवर आणखी एक काम करावे. कोणते शब्द फक्त मुली-बायकांसाठी वापरले जातात आणि कोणते पुरुषांसाठी, अशी विभागणी करायला सांगावी. 'कजाग' आणि 'खाष्ट' हे शब्द कोणाच्या वाट्याला येतात, आणि तसेच वागणाऱ्या पुरुषाला 'कडक शिस्तीचा' का म्हटले जाते, याची चर्चा मुली स्वतःच पुढे नेतात. गुणविशेषाचा शब्द पाहणाऱ्याचीही ओळख देतो, हे त्या दिवशी वर्गाला नेमके उमगते.

यावर जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम यांची 1955 ची जोहरी खिडकी जोडता येते. तिच्यात मला व इतरांना माहीत असलेले, फक्त मला माहीत असलेले, फक्त इतरांना दिसणारे आणि कोणालाच ठाऊक नसलेले असे चार कप्पे असतात. मात्र शब्दांची यादी शिक्षकानेच निवडावी आणि तिच्यात दुखावणारा एकही शब्द असू नये.

सर्वांना एकच वर्णन

बर्ट्रम फोरर याने 1948 मध्ये आपल्या 39 विद्यार्थ्यांना एक चाचणी दिली आणि आठवड्याने प्रत्येकाला 'तुमचे व्यक्तिमत्त्व-वर्णन' म्हणून एक कागद दिला. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. प्रत्येकाच्या हातातला कागद शब्दशः सारखाच होता. हा प्रयोग मराठीत करणे सोपे आहे. काही प्रश्नांची उत्तरे लिहून घ्यावीत आणि पुढच्या तासाला घडी घातलेल्या कागदावर अशी वाक्ये द्यावीत : 'तुम्ही वरून शांत दिसता, पण मनात पुष्कळ काही चाललेले असते. तुमच्या गुणांचे चीज अजून व्हायचे आहे. आपली माणसे समजून घेत नाहीत असे तुम्हाला कधी कधी वाटते, तरीही त्यांच्यासाठी तुम्ही खूप काही करता.' गुण गोळा करून झाल्यावर एकाला कागद मोठ्याने वाचायला सांगावा.

येथे विद्यार्थ्यांपासून काही काळ सत्य लपवले जात असल्याने उलगडा त्याच तासात करावा आणि कोणालाही घरी तो कागद खरा समजून जाऊ देऊ नये. राशिभविष्याचा विषय मुले स्वतःच काढतात. त्याच ओघात मी दुसरे एक वाक्य फळ्यावर लिहिते : 'कोकणी माणूस फणसासारखा, बाहेरून काटेरी आणि आतून गोड.' आपल्याला आवडते म्हणून हे वाक्य आपण तपासत नाही. बाहेरून कठोर आणि आतून प्रेमळ हे वर्णन कोणत्या मुलखातल्या माणसाला लागू पडणार नाही? घाटावरच्या एखाद्या गावाचे नाव घालून तेच वाक्य पुन्हा वाचावे. मुलांना ते खटकते, आणि का खटकते यावर बोलताना साचेबंद समजुतीचा पाठ पुरा होतो. कौतुकाचा साचाही साचाच असतो, हे निंदेच्या उदाहरणांपेक्षा या उदाहरणाने अधिक चांगले समजते.

'जेव्हा' आणि 'तेव्हा'

इतके झाल्यावर विद्यार्थी दुसऱ्या टोकाला जाण्याचा धोका असतो, म्हणजे व्यक्तिमत्त्व असे काही नसतेच, सगळा परिस्थितीचा खेळ, असे त्यांना वाटू लागते. वॉल्टर मिशेलने 1968 मध्ये नेमका हा वाद उभा केला. गुणविशेषांच्या चाचण्यांवरून विशिष्ट प्रसंगातल्या वर्तनाचा अंदाज फारच कमी बांधता येतो, असे त्याने दाखवले. परिस्थितीचा जोर समजावण्यासाठी जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांचा 1973 चा प्रयोग सांगावा. प्रिन्स्टनमध्ये धर्मोपदेशक होण्याचे शिक्षण घेणारे विद्यार्थी एका इमारतीतून दुसरीकडे जात असताना वाटेत विव्हळणारा माणूस बसवलेला होता. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यापैकी 63 टक्के, मध्यम घाईतले 45 टक्के आणि फार घाईतले केवळ 10 टक्के मदतीला थांबले.

परंतु मिशेल तेथे थांबला नाही. युइची शोडा याच्यासोबत 1995 मध्ये त्याने असे मांडले की माणसाचे सातत्य 'जेव्हा असे घडते, तेव्हा तो असे वागतो' या घडणीत असते. दोन मुले सारखीच रागीट ठरतील, पण एक बरोबरीच्या मुलांनी चिडवल्यावर रागावतो आणि दुसरा मोठ्यांनी दटावल्यावर. ही घडण स्थिर असते, म्हणून तिला व्यक्तिमत्त्व म्हणता येते.

वर्गाला यातून एक लेखननियम द्यावा : येथून पुढे कोणत्याही माणसाविषयी 'तो अमुक आहे' असे वाक्य 'जेव्हा… तेव्हा…' शिवाय लिहायचे नाही. सरावासाठी गावातली उदाहरणे भरपूर आहेत. नमनात, म्हणजे कोकणातल्या लोकनाट्यात, लुगडे नेसून गवळण होणारा आणि सगळ्या वाडीला हसवणारा काका घरात चार शब्द बोलत नाही, तर त्याचा खरा स्वभाव कोणता? इंग्रजीतला 'पर्सनॅलिटी' हा शब्द लॅटिनमधल्या 'पर्सोना' म्हणजे नटाच्या मुखवट्यावरून आला आहे, हे येथे सांगितले की शिमग्यातली सोंगे पाहत वाढलेल्या मुलांच्या डोळ्यांत ओळख दिसते. सोंग खोटे आणि घरचा माणूस खरा, एवढे सरळ उत्तर मात्र स्वीकारू नये. 'जेव्हा ढोलकी वाजते आणि समोर वाडी बसलेली असते, तेव्हा काका खुलतो' हेही त्याच्याविषयीचे खरे वाक्य आहे.

सत्त्व-रज-तम ही त्रिगुणांची मांडणी किंवा वात-पित्त-कफ प्रकृती यांचा उल्लेख विद्यार्थी करतात. त्यांना आपल्या परंपरेतले वर्गीकरण म्हणून आदराने जागा द्यावी, आणि पाच घटकांना विचारले तेच प्रश्न, म्हणजे मोजायचे कसे आणि तपासायचे कसे, त्यांनाही विचारावेत. रोर्शाकच्या दहा शाईच्या डागांच्या चाचणीची किंवा चित्रांवरून कथा सांगण्याच्या चाचणीची माहिती द्यावी, परंतु वर्गात कोणावरही त्यांचा प्रयोग करून अर्थ लावू नये. ते प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाचे काम आहे.

जपून वागण्याच्या जागा

प्रश्नावली वापरायचीच असेल तर गुण ज्याचे त्यालाच कळावेत, नाव कागदावर नसावे आणि फळ्यावर फक्त वर्गाची एकूण विभागणी यावी. आजारांची नावे स्वभावाचे शब्द म्हणून वापरू देऊ नयेत. राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीत असल्यामुळे आमच्या जिल्ह्यात त्या शहराचे नाव घेऊन चिडवण्याची वाईट रीत आहे. ती ऐकू आली की तास थांबवून त्याविषयी बोलावे, कारण उपचार घेणाऱ्या कोणाचे तरी नातेवाईक वर्गात बसलेले असू शकतात. वहीत किंवा बोलण्यात एखाद्या विद्यार्थ्याच्या मनातली गंभीर निराशा दिसली, तर तिला व्यक्तिमत्त्वाचा नमुना मानू नये, एकांतात विचारपूस करावी, पालकांना व समुपदेशकाला सोबत घ्यावे आणि केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक द्यावा. त्यावर दिवसरात्र विनाशुल्क बोलता येते. हा क्रमांक मी पहिल्याच दिवशी सर्वांना वहीच्या मागच्या पानावर लिहायला लावते, म्हणजे तो मागण्याची वेळ कोणावर येत नाही.

गणपतीच्या सुटीतला प्रकल्प

गणपतीला मुंबईचे चाकरमानी गावी येतात आणि घर वर्षातून एकदा पूर्ण भरते. प्रकल्पाला यापेक्षा चांगली वेळ नाही. विद्यार्थ्याने घरातली एक व्यक्ती निवडावी, तिला हेतू सांगून तिची परवानगी घ्यावी आणि तिचे वर्णन तिघांच्या तोंडून लिहून घ्यावे : गावीच राहणारे कोणी, मुंबईहून आलेले कोणी आणि ती व्यक्ती स्वतः. चौथा भाग विद्यार्थ्याचा. त्यात या तीन वर्णनांत फरक कोठे पडला आणि प्रत्येकाने त्या व्यक्तीला कोणत्या प्रसंगांत पाहिलेले आहे, हे लिहायचे. चुलत भाऊ आजोबांना 'हौशी' म्हणतो, कारण तो त्यांना फक्त आरतीच्या आणि भजनाच्या दिवसांत पाहतो. आई त्यांना 'काटकसरी' म्हणते, कारण पावसाळ्याचे बाकीचे दिवस तिने त्यांच्याबरोबर काढलेले असतात. लिखाण वहीची सहा पाने पुरे.

गुण देताना भाषेच्या सफाईपेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात. प्रत्येक विधानामागे पाहिलेला प्रसंग आहे का, वर्णन करणाऱ्याची जागा नोंदवली आहे का, आणि विरुद्ध वाटणारी माहिती गाळून न टाकता तिच्यावर विचार केला आहे का. शिक्का मारणारे वाक्य सापडले, तर गुण कापण्याऐवजी त्याखाली रेघ मारून समासात 'केव्हा?' एवढेच लिहावे आणि वही दुरुस्तीसाठी परत करावी. ज्या व्यक्तीविषयी लिहिले तिला अंतिम लिखाण वाचून दाखवावे आणि तिचे म्हणणे शेवटच्या पानावर तिच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. त्या पानाला मी गुण देत नाही, पण वही हाती आली की आधी तेच पान उघडते.